ई-मेलवर डोमेनची सही : एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क कोणत्या क्रमाने बसवायचे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे कोटेशन पुण्याच्या ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. निपाणीच्या पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस निम्म्या सभासदांपर्यंत पोचत नाही. आणि त्याच फाउंड्रीच्या नावाने कुणी तिऱ्हाईताने पाठवलेला ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढची रक्कम या खात्यावर जमा करा’ हा मेल मात्र थेट इनबॉक्समध्ये उतरतो. बहुतेक वेळा या सगळ्यामागे एकच कारण निघते : डोमेनची (म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) सही मेलवर नाही, किंवा आहे पण अर्धवट बसवलेली आहे.

अर्धवट राहण्याची तऱ्हा ठरलेली आहे. कुणीतरी एक व्हिडिओ पाहून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, तीन ओळी चिकटवतो, शेवटच्या ओळीत ‘रिजेक्ट’ (सही जुळली नाही तर परत पाठवा) लिहितो, आणि दुसऱ्या दिवसापासून टॅलीतून जाणारी बिले परत यायला लागतात. मग घाबरून तिन्ही ओळी काढल्या जातात आणि पुन्हा कुणी त्या वाटेला जात नाही. ओळी बरोबर होत्या, क्रम चुकला होता. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना : नोंदींमधली अक्षरे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष पॅनेलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाकायची, आणि शक्यतो मेल सेवेच्या पॅनेलवरून जशीच्या तशी कॉपी करायची.

## सुरू करण्याआधी : तीन नोंदी, तीन कामे

एसपीएफ सांगते की आमच्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो. डीकिम प्रत्येक मेलवर क्रिप्टोग्राफिक सही करते. पाठवणाऱ्या सर्व्हरकडे खासगी किल्ली असते आणि तिची जोडीदार जाहीर किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. बँकेत नमुना सही ठेवलेली असते आणि चेक आला की ताडून पाहतात, तसे घेणारा सर्व्हर ती जाहीर किल्ली काढून मेलवरची सही ताडतो. फरक एवढाच की इथे सही मजकुरालाही बांधलेली असते. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही.

डीमार्क हे दोन्ही निकाल घेते आणि पडताळते की पास झालेले डोमेन आणि वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’मधले डोमेन एकच आहे का. नसेल तर काय करायचे हेही तेच सांगते. तिन्ही गोष्टींत सर्वांत कमी समजून घेतलेली बाब हीच आहे. एसपीएफ मागच्या बाजूचा, वाचणाऱ्याला न दिसणारा ‘रिटर्न-पाथ’ तपासते. दिसणाऱ्या नावाशी तिचा संबंध डीमार्कमुळेच येतो.

जपा : सहीवरून मेल कोणत्या डोमेनने पाठवला एवढेच कळते, पाठवणाऱ्याचा हेतू चांगला आहे की नाही ते कळत नाही. स्पॅम पाठवणारेही स्वतःच्या डोमेनची सही व्यवस्थित करतात. या व्यवस्थेचा फायदा असा की तुमचे नाव दुसऱ्याला वापरता येत नाही, आणि स्पॅम गाळणाऱ्याला प्रत्येक डोमेनची पत वेगळी मोजता येते.

कार्यालयाचा पत्ता जीमेल डॉट कॉम किंवा याहू डॉट कॉमचा असेल, तर हे काम करता येणार नाही. ते डोमेन तुमचे नाही. आधी स्वतःचे डोमेन घ्या, मग पुढे वाचा.

## पायरी १ : मेल कुठून कुठून निघतो त्याची यादी करा

ही पायरी सगळे गाळतात, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कागद घ्या आणि तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवणारी प्रत्येक वस्तू लिहून काढा. नेहमीच्या मेलखात्यांखेरीज हे स्रोत हमखास निघतात :

टॅलीतून जाणारी बिले आणि खातेउतारे, संकेतस्थळावरचा संपर्क फॉर्म, पगारपत्रके पाठवणारे सॉफ्टवेअर, स्कॅन करून थेट मेल करणारे झेरॉक्स मशीन, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचे इशारे, हजेरीचे यंत्र, आणि सभासदांना एकगठ्ठा मेल पाठवण्यासाठी घेतलेली मेलचिंप किंवा ब्रेव्होसारखी सेवा.

प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : ‘फ्रॉम’मध्ये कोणता पत्ता दिसतो, कोणत्या एसएमटीपी (मेल बाहेर पाठवणाऱ्या) सर्व्हरमधून जातो, आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे. हिशोबनीस, संकेतस्थळ बनवणारा आणि ऑफिसातला जुना कारकून या तिघांना विचारल्याशिवाय यादी पुरी होत नाही.

आपल्या भागात आणखी एक खाचखळगा आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे नाव सरकारी कागदोपत्री बेळगावी झाले. तेव्हा नावात ‘बेळगाम’ असलेली जुनी डोमेने ठेवून ‘बेळगावी’ असलेली नवी घेणारे बरेच आहेत. जुन्या डोमेनवरून मेल पाठवणे बंद झाले, पण ते डोमेन अजून तुमच्याच नावावर आहे आणि जुन्या ग्राहकांच्या ओळखीचे आहे. खोटा मेल पाठवणाऱ्याला असेच डोमेन हवे असते. ते यादीत वेगळ्या ओळीत लिहा, पायरी ३ आणि ८ मध्ये त्याचे काम आहे.

तपासा : यादीतला एखादा स्रोत दुसऱ्याच डोमेनच्या नावाने, म्हणजे कुणाच्या खासगी जीमेल पत्त्याने, पाठवत असेल तर तो आत्ताच तुमच्या डोमेनवर आणा.

## पायरी २ : डोमेनचा ताबा आणि खरे नेमसर्व्हर

डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यात नोंदलेले असते, हे चित्र टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत सारखेच दिसते. त्याच्याकडून लॉगिन मागा. शक्य असेल तर डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्या, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डोमेनची मुदत संपली की नोंदी, सही, मेल सगळेच एकदम थांबते.

मग नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, पाहा. डोमेन एका कंपनीकडे विकत घेतलेले, होस्टिंग दुसरीकडे आणि डीएनएस क्लाउडफ्लेअरवर, असे असू शकते. तिन्ही ठिकाणी डीएनएसचे पान दिसते, पण नोंदी लागू होतात त्या फक्त नेमसर्व्हर ज्यांचे असतील तिथल्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप चालवून ‘एनएस’ प्रकार विचारा, किंवा गूगल ॲडमिन टूलबॉक्समधल्या डिगवर डोमेन टाकून ‘एनएस’ निवडा. जे नाव येईल त्याच पॅनेलमध्ये पुढचे काम करायचे.

बदल करण्याआधी सध्याच्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट आणि शक्य असल्यास निर्यात केलेली फाइल ठेवा. टीटीएल (नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा) ३६०० असेल तर चालेल. घाई असेल तर आदल्या दिवशी ३०० करून ठेवा.

जपा : नोंद टाकण्याआधीच ती दिसते का म्हणून वारंवार विचारत बसू नका. ‘नाही’ हे उत्तरसुद्धा मधले सर्व्हर काही काळ साठवून ठेवतात, आणि नंतर नोंद टाकूनही तेच जुने उत्तर येत राहते.

## पायरी ३ : एसपीएफची एकच ओळ

डोमेनच्या मुळावर, म्हणजे होस्टच्या रकान्यात ‘@’ ठेवून, टीएक्सटी (साध्या मजकुराच्या) प्रकारची नोंद करा. गूगल वर्कस्पेस वापरत असाल तर ती अशी :

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल

दुसरी सेवाही वापरत असाल तर तिचे ‘इन्क्लूड’ याच ओळीत, ‘~ऑल’च्या आधी घाला. नवी ओळ करू नका. एका डोमेनवर ‘एसपीएफ१’च्या दोन नोंदी झाल्या की निकाल ‘पर्मएरर’ येतो, म्हणजे दोन्ही वाया जातात. एसपीएफमध्ये सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. जुनी ओळ होस्टिंगवाल्याने टाकलेली असते, नवी मेल सेवेच्या सांगण्यावरून पडते, आणि दोन्ही शेजारी बसतात.

दुसरी मर्यादा दहाची. इन्क्लूड, ए, एमएक्स, रीडायरेक्ट, एक्झिस्ट्स, पीटीआर या प्रत्येकाला डीएनएसमध्ये विचारणा लागते, आणि इन्क्लूडच्या आतली इन्क्लूडही मोजली जातात. एकूण १०च्या वर गेले की पुन्हा पर्मएरर. आयपी४ आणि आयपी६ यांना विचारणा लागत नाही. बंद केलेल्या सेवांची इन्क्लूड काढून टाका. जुन्या एकगठ्ठा मेल सेवेची ओळ वर्षानुवर्षे तशीच पडून असते.

ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी एसपीएफमध्ये घालू नका. तो बदलत राहतो आणि उद्या दुसऱ्याच कुणाकडे जातो. झेरॉक्स मशीन आणि सीसीटीव्ही रेकॉर्डरला मेल सेवेचा एसएमटीपी सर्व्हर, पोर्ट ५८७ किंवा ४६५, आणि स्वतंत्र ॲप पासवर्ड द्या. म्हणजे त्यांचा मेलही सही होऊन जाईल.

शेवटी ‘~ऑल’ ठेवावे की ‘-ऑल’? डीमार्क बसवणार असाल तर ‘~ऑल’ ठेवा. मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ मोडतेच. ‘-ऑल’ असेल तर काही सर्व्हर सही तपासण्याआधीच मेल परत करतात, आणि डीकिम शाबूत असूनही उपयोग होत नाही.

जिथून मेल पाठवायचाच नाही त्या जुन्या डोमेनला मात्र ‘व्ही=एसपीएफ१ -ऑल’ एवढेच लिहा.

## पायरी ४ : डीकिमची किल्ली तयार करा आणि टाका

किल्ली २०४८ बिटची घ्या. १०२४ अजून चालते, पण तिच्यावर थांबू नका. त्याहून लहान किल्ली किंवा एसएचए-१ची सही आता धरलीच जात नाही.

गूगल वर्कस्पेस : ॲडमिन कन्सोलमध्ये ॲप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, ऑथेंटिकेट ईमेल या वाटेने जा. डोमेन निवडा, ‘जनरेट न्यू रेकॉर्ड’ दाबा, २०४८ निवडा, सिलेक्टर, म्हणजे डीएनएसमध्ये किल्ली शोधण्याचे नाव, ‘गूगल’ तसाच राहू द्या. जीमेल नुकतेच सुरू केले असेल तर किल्ली मिळायला २४ ते ७२ तास लागू शकतात.

मायक्रोसॉफ्ट ३६५ : इथे किल्ली थेट टाकायची नसते. ‘सिलेक्टर१’ आणि ‘सिलेक्टर२’ अशा दोन सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या) नोंदी टाकायच्या असतात. डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर त्या दोन्हींचा ढग राखाडी, म्हणजे ‘डीएनएस ओन्ली’ ठेवा.

सीपॅनेलचे होस्टिंग : ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ पानावर नोंद तयार मिळते. डीएनएस तिथेच असेल तर एका बटणात काम होते. बाहेर असेल तर तिथून कॉपी करून न्या.

स्वतःचा लिनक्स सर्व्हर आणि पोस्टफिक्स असेल तर ओपनडीकिमच्या ‘जेनकी’ आज्ञेने २०४८ बिटची जोडी करा. खासगी किल्लीच्या फाइलची परवानगी ६०० ठेवा आणि ती ओपनडीकिमच्या वापरकर्त्याच्या मालकीची करा. सर्व्हरच्या आयपीचा उलटा पत्ता, म्हणजे पीटीआर, आयपी देणाऱ्याकडून बसवून घ्या. तो नसेल तर सही असूनही जीमेल अडवते.

एकगठ्ठा मेल सेवेच्या किल्ल्या वेगळ्या. प्रत्येक सेवेचा सिलेक्टर निराळा असतो, त्यामुळे एका डोमेनवर कितीही किल्ल्या शेजारी राहू शकतात. एसपीएफसारखी ‘एकच ओळ’ ही अट इथे नाही.

नोंद टाकताना हात अडखळतो तो तीन जागी.

होस्टचा रकाना. नाव ‘गूगल._डोमेनकी’ इतकेच टाकायचे असते, कारण बहुतेक पॅनेल पुढे डोमेन आपोआप जोडते. पूर्ण नाव टाकले तर शेवटी डोमेन दोनदा येते आणि किल्ली कुणालाच सापडत नाही. ‘डोमेनकी’च्या आधीची खालची रेघ सुटली तरी तोच परिणाम.

लांबी. २०४८ बिटची जाहीर किल्ली ३९२ अक्षरांची असते, आणि टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा जास्तीत जास्त २५५ अक्षरांचा. चांगले पॅनेल तुकडे स्वतः पाडते. जुने पॅनेल मुकाट्याने २५५ला कापते. तसे झाले तर अवतरणचिन्हांत दोन तुकडे लिहा, दोन्हींमध्ये फक्त एक मोकळी जागा ठेवा. तुकड्यांच्या आत मोकळी जागा किंवा नवी ओळ नको.

नक्कल. किल्लीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवून पलीकडच्याने तो हाताने टाइप करणे हा सर्रास चालणारा आणि हमखास फसणारा प्रकार आहे. शून्य आणि मोठा ओ, छोटा एल आणि मोठा आय यांत फरक दिसत नाही. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पाठवा. वर्डमधून नेला तर सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात, आणि पॅनेल ती किल्लीचाच भाग समजते.

जपा : नोंद टाकली म्हणजे सही सुरू झाली असे नाही. गूगलमध्ये परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबावे लागते, ३६५मध्ये डोमेनसमोरचा खटका चालू करावा लागतो. किल्ली डीएनएसमध्ये बरोबर, पण बटण कुणी दाबलेच नाही, अशी कार्यालये खूप आहेत.

## पायरी ५ : सही खरोखर लागते का ते जवळून पाहा

यादीतल्या प्रत्येक स्रोतातून एकेक मेल स्वतःच्या खासगी जीमेलवर पाठवा. फक्त आउटलुकमधून एक मेल पाठवून समाधान मानू नका. टॅलीतून बिल पाठवा, फॉर्म भरा, मशीनवर कागद स्कॅन करा. प्रत्येक मेल उघडून तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क यांचे निकाल दिसतात.

तिथे ‘पास’ हा शब्द पाहून थांबू नका. त्यापुढचे डोमेन वाचा. गूगल वर्कस्पेसवर तुम्ही काहीच केले नसले तरी मेलवर ‘जीॲप्सएसएमटीपी.कॉम’च्या नावाची सही असते, आणि ३६५वर ‘ऑनमायक्रोसॉफ्ट.कॉम’ची. डीकिम पास दिसते, पण ती सही तुमची नाही, आणि डीमार्कच्या हिशोबात ती धरली जात नाही. तिथे तुमचेच डोमेन यायला हवे.

मग खाली मूळ मजकुरात ‘डीकिम-सिग्नेचर’ हे हेडर (मजकुराआधीची माहितीची ओळ) शोधा आणि खुणा वाचा. ‘डी’ म्हणजे सही करणारे डोमेन. ‘एस’ म्हणजे सिलेक्टर. ‘ए’ची किंमत आरएसए-एसएचए२५६ हवी. ‘सी’ रिलॅक्स्ड/रिलॅक्स्ड असावी, म्हणजे वाटेत हेडरमधली एखादी जास्तीची मोकळी जागा कमी-जास्त झाली तरी सही टिकते. ‘एच’मध्ये सही केलेल्या हेडरांची यादी असते, तिच्यात फ्रॉम हवेच, आणि टू, सब्जेक्ट, डेट, मेसेज-आयडी असावेत. ‘बीएच’ हा मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), ‘बी’ ही प्रत्यक्ष सही. ‘एल’ ही खूण दिसली तर सेटिंगमधून ती काढून टाका. तिच्यामुळे मजकुराच्या ठरावीक लांबीपर्यंतच सही होते आणि पुढे कुणीही हवे ते जोडू शकतो.

निकाल फेल असेल तर कारण बहुधा त्याच ओळीत असते. ‘नो की’ म्हणजे होस्टचे नाव चुकले. ‘बॅड सिग्नेचर’ म्हणजे किल्ली अर्धवट किंवा जोडी जुळत नाही, किंवा सही झालेले हेडर बदलले. ‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ म्हणजे सही झाल्यावर कुणीतरी मजकुराला हात लावला. मेलच्या तळाशी स्वतःची ओळ जोडणारा अँटीव्हायरस आणि कायदेशीर सूचना चिकटवणारा मधला सर्व्हर हे नेहमीचे दोषी. तळटीप सही होण्याआधी जोडली गेली पाहिजे.

संपर्क फॉर्मची चूक वेगळी. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकून मेल पाठवण्याची जुनी पद्धत बंद करा. याहूने एप्रिल २०१४ मध्येच स्वतःच्या डोमेनवर ‘रिजेक्ट’ लावले. त्यामुळे याहूचा पत्ता घेऊन तुमच्या होस्टिंगवरून निघालेली चौकशी वाटेतच मरते आणि गिऱ्हाईक हातचे जाते. फ्रॉममध्ये तुमचाच पत्ता, भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये.

## पायरी ६ : मराठी आणि कन्नड मजकुराची खास अडचण

इंग्रजी चाचणी मेल पास होतो आणि मराठी नोटीस फेल होते, तेव्हा बहुतेक जण किल्लीवर संशय घेतात. किल्ली बरोबर असते. अडचण ओळीच्या लांबीत असते.

मेलच्या नियमाप्रमाणे मजकुराची एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब असू शकत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, कन्नडचेही तितकेच. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे ‘संस्था’ या छोट्या शब्दालाच स, अनुस्वार, स, हलन्त, थ, काना असे १८ बाइट लागतात. सुमारे ३३० चिन्हांचा, म्हणजे चार-पाच ओळींचा सलग परिच्छेद मर्यादा ओलांडतो. संस्थेच्या सॉफ्टवेअरने तो मजकूर कच्च्या ८-बिट रूपात पाठवला तर वाटेतला सर्व्हर ओळ तोडतो किंवा एन्कोडिंग बदलतो. सही त्याआधी झालेली असते, आणि बॉडी हॅश मोडतो. इंग्रजीत हेच अक्षर १ बाइटचे असल्याने तिथे हा प्रसंग क्वचित येतो.

उपाय एकच. मजकूर सही होण्याआधी बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल रूपात गेला पाहिजे. जीमेल, आउटलुक, झोहो हे स्वतः करतात. गडबड होते ती स्थानिक प्रोग्रामरने लिहिलेल्या पीएचपीच्या साध्या ‘मेल’ आज्ञेत. तिथे पीएचपीमेलरसारखी लायब्ररी वापरायला सांगा, कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ आणि एन्कोडिंग बेस६४ ठेवायला सांगा. विषयाची ओळ आणि पाठवणाऱ्याचे मराठी नावही अशाच एन्कोड केलेल्या रूपात गेले पाहिजे. कच्ची देवनागरी विषयात गेली तर तीही वाटेत बदलली जाते, आणि विषय हा सहीत असतोच.

तपासा : चाचणीसाठी ‘टेस्ट’ असा एक शब्द पाठवू नका. गेल्या वर्षीची सभेची नोटीस, मराठी आणि कन्नड दोन्ही मजकुरांसह, पीडीएफ जोडून पाठवा. तीच पास झाली पाहिजे.

## पायरी ७ : डीमार्क, आधी फक्त पाहण्यासाठी

होस्टच्या रकान्यात ‘_डीमार्क’ लिहा, प्रकार टीएक्सटी, मजकूर :

व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:अहवाल@तुमचे-डोमेन

‘डीमार्क१’ इंग्रजी मोठ्या लिपीत, आणि ‘व्ही’ सर्वांत पहिला. अहवालासाठी स्वतःच्या डोमेनवर वेगळी मेलपेटी करा. तिथे खासगी जीमेलचा पत्ता देऊ नका : अहवाल दुसऱ्या डोमेनवर मागवायचे असतील तर त्या डोमेनने डीएनएसमध्ये परवानगीची नोंद टाकावी लागते, आणि जीमेल तुमच्यासाठी तशी नोंद टाकणार नाही.

आता थांबायचे. किमान चार आठवडे, आणि त्यात एक महिनाअखेर आलीच पाहिजे. पगारपत्रके आणि खातेउतारे तेव्हाच जातात. पतसंस्थांनी वार्षिक सभेच्या नोटिसा आणि व्याजाचे दाखले गेल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.

अहवाल साधारण रोज एकदा, झिप किंवा जीझिप फाइलमध्ये, एक्सएमएल रूपात येतात. ते वाचून दाखवणारी फुकट साधने ऑनलाइन आहेत. पाहायचे ते एवढेच : कोणता आयपी, किती मेल, डीकिम कोणत्या डोमेनने पास, एसपीएफ कोणत्या डोमेनने पास. आयपी ओळखीचा आणि दोन्ही फेल असेल तर तो तुमच्या यादीतून सुटलेला स्रोत. पायरी ४ आणि ५ त्याच्यासाठी पुन्हा करा. एसपीएफ फेल पण डीकिम तुमच्या डोमेनने पास, तर तो फॉरवर्ड झालेला मेल, सोडून द्या. आयपी परका आणि दोन्ही फेल, तर तुमच्या नावाने दुसरा कुणी पाठवतो आहे. त्याला यादीत घ्यायचे नाही. पुढची पायरी त्याच्यासाठीच आहे.

## पायरी ८ : क्वारंटाइन, मग रिजेक्ट

ओळखीच्या प्रत्येक स्रोताचा डीकिम तुमच्या डोमेनने पास होत असेल तेव्हाच ‘पी=क्वारंटाइन’ करा. खोटा मेल आता स्पॅममध्ये जाईल, आणि तुमचा एखादा सुटलेला स्रोतही. या काळात हिशोबनिसाला रोज विचारा, कुणाचे बिल मिळाले नाही अशी तक्रार आली का. दोन-तीन आठवडे शांत गेले की ‘पी=रिजेक्ट’. टक्केवारीने हळूहळू वाढवण्याची ‘पीसीटी’ ही खूण सगळे सर्व्हर सारखी पाळत नाहीत, तिच्यावर विसंबू नका.

मेल न पाठवणाऱ्या जुन्या डोमेनला हे थांबे नकोत. तिथे पहिल्याच दिवशी ‘पी=रिजेक्ट’ लिहा.

‘नन’वर कायमचे थांबणे ही उलटी चूक. अहवाल येत राहतात, खोटे मेलही जात राहतात. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून सर्व पाठवणाऱ्यांना किमान एसपीएफ किंवा डीकिम सक्तीचे केले. रोज ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकने नाव कमी करण्याची सोय लागते, आणि स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवावे लागते. त्यांच्यासाठी ‘नन’ पुरते. तुमच्या नावाची खोटी बिले अडवायला ते पुरत नाही.

## पायरी ९ : येणाऱ्या मेलवर तीच सही वापरा

आपल्याकडे येणारा स्पॅम कमी करायचा तर दुसऱ्याच्या सहीकडे पाहावे लागते. वर्कस्पेसच्या ॲडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या ‘सेफ्टी’खाली ‘स्पूफिंग अँड ऑथेंटिकेशन’ आहे. तुमच्याच डोमेनची नक्कल करणारे आणि सही नसलेले मेल स्पॅममध्ये किंवा क्वारंटाइनमध्ये टाका.

पुरवठादाराचा मेल स्पॅममध्ये जातो म्हणून त्याचा पत्ता ‘मंजूर’ यादीत टाकण्याची सवय घातक आहे. फक्त पत्त्यावर मंजुरी दिली की त्याच पत्त्याचा खोटा मेलही गाळणीबाहेरून आत येतो. मंजुरी देताना सहीची अट सुरू ठेवा, आणि त्या पुरवठादाराला त्याचे डीकिम नीट करायला सांगा.

बँक खाते बदलल्याचा मेल आला तर नावाजवळचा बाण उघडून ‘साइन्ड बाय’ वाचा. डोमेनमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे असेल तर सही पास असूनही मेल खोटा आहे. आणि सही बरोबर असली तरी पैसे पाठवण्याआधी जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर विचारा. पुरवठादाराचे मेलखातेच कुणी फोडले असेल तर मेल खऱ्या सहीनेच येतो. रक्कम गेलीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त.

## पायरी १० : किल्ली बदलणे

वर्षातून एकदा तरी, आणि जमल्यास सहा महिन्यांनी किल्ली बदला. संकेतस्थळवाला किंवा सर्व्हर पाहणारा माणूस बदलला तर त्याच आठवड्यात बदला.

जुनी नोंद खोडून त्याच जागी नवी लिहू नका. नवा सिलेक्टर घ्या, त्याच्या नावात वर्ष-महिना ठेवला तर सोयीचे. नवी जाहीर किल्ली डीएनएसमध्ये टाका, ती बाहेरून दिसते याची खात्री करा, मग सर्व्हरला नव्या किल्लीने सही करायला सांगा आणि पायरी ५ची चाचणी पुन्हा घ्या. जुनी नोंद आणखी किमान आठवडाभर राहू द्या, कारण वाटेत अडकलेले मेल अजून तिच्याच सहीचे असतात. त्यानंतर जुन्या नोंदीतला ‘पी’ रिकामा करा. किल्ली रद्द झाली असा त्याचा अर्थ घेणारे सर्व्हर लावतात. ३६५मध्ये ‘रोटेट’ बटण दाबले की दोन सिलेक्टरांची अदलाबदल आपोआप होते, म्हणूनच तिथल्या दोन सीनेम नोंदींपैकी एकही काढायची नसते.